सोशल मीडियावरच्या व्हिडिओंवर पीएचडी करायची तर विदा आणायचा कुठून?

कोरी पाटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. पीएचडीचं पहिलं वर्ष. विषय ढोबळमानाने असा, की जुने व्हिडिओ, म्हणजे कुठला तरी जुना पूर, भलत्याच देशातली दंगल, कधी तर चक्क व्हिडिओ गेममधली लढाई, नव्या घटनेच्या नावाखाली परत फिरायला लागतात. ते कसे फिरतात, मधला किती काळ निपचित पडून असतात आणि कुठल्या वाटेने परत वर येतात हे मोजायचंय. गाईडना विषय आवडला, पण त्यांनी एकच विचारलं, "विदा (म्हणजे डेटा) कुठाय?"

गेल्या दहा वर्षांतले पेपर काढून बसले तर जिकडेतिकडे एकच वाक्य, आम्ही ट्विटरच्या एपीआयमधून इतके लाख ट्वीट घेतले. एपीआय म्हणजे साइटवरचा विदा प्रोग्रॅमने मागवायची खिडकी, पण ते दुकान तर बंद झालं. मग आता लोक करतात काय? स्क्रेपिंग, म्हणजे पानांवरचा मजकूर प्रोग्रॅमने उचलणं, केलं तर चालतं का? आमच्या एथिक्स कमिटीचं म्हणणं पोस्ट सार्वजनिक आहेत त्यामुळे परवानगीची गरजच नाही, हे ऐकून बरं वाटलं पण पटलं नाही. आणि शेवटचं म्हणजे हा व्हिडिओ "तोच" आहे हे मशीनला कळणार कसं, कारण लाखभर व्हिडिओ मी डोळ्यांनी काही बघू शकत नाही. झोडपलंत तरी चालेल, पण उत्तर द्या.

चिवट मुंगी
दुकान बंद झालंय हे खरंच, पण उघडं होतं तेव्हा आत माल काय होता तेही बघून घे. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये संशोधकांसाठी वेगळी सोय काढली, महिन्याला एक कोटी ट्वीट, तेही जुन्या साठ्यातून आणि फुकट. दोन वर्षं सगळ्यांची चंगळ. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये फुकट एपीआय बंद करायचं जाहीर झालं, नंतर जे दर आले त्यात १०० डॉलर भरून महिन्याला १०,००० ट्वीट वाचता येणार, आणि मोठ्या योजनेचे दर महिन्याला ४२,००० डॉलरपासून असल्याच्या बातम्या. म्हणजे पीएचडीवाल्याने स्वप्नातसुद्धा बघू नये. त्याच वर्षी जुलैपासून रेडिटने एपीआयला पैसे लावले, आणि पुशशिफ्ट, म्हणजे रेडिटवरच्या पोस्टचा तो साठा, ज्याच्या जिवावर रेडिटवरचे ढीगभर पेपर उभे होते, ते फक्त तिथल्या मॉडरेटर लोकांपुरतं उरलं. फेसबुकचं क्राउडटँगल, कुठली पोस्ट किती पसरतेय ते दाखवणारं साधन, १४ ऑगस्ट २०२४ ला गेलं.

पण "पूर्वी सगळं मिळायचं" ही दंतकथा आहे. बरेचसे जुने पेपर फुकटच्या स्ट्रीमवर चालायचे आणि तो एकूण ट्वीटच्या १ टक्क्याला अडायचा. २०१३ मध्ये मॉर्स्टॅटर आणि मंडळींनी तो स्ट्रीम पूर्ण फायरहोजशी, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या ट्वीटच्या प्रवाहाशी, ताडून बघितला, तर आघाडीचे हॅशटॅग कोणते एवढी साधी क्रमवारीसुद्धा त्यातून भरवशाने लागत नव्हती. आणि तेव्हा शेकडो लोक त्यावर प्रबंध लिहून मोकळे झाले होते. त्यामुळे तू आधी प्रश्न घट्ट धर, विद्यामागे नंतर धाव. उलटं केलंस की जे मिळालं त्याचाच प्रश्न बनवायची वेळ येते, आणि या क्षेत्रात निम्मे पेपर असेच झालेत असं माझं स्पष्ट मत आहे.

उगाचच
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सगळं करायचंच कशाला? कंपनीकडे सगळा विदा आहे, त्यांची माणसं एका दुपारीत उत्तर काढतील. बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं उष्टं गोळा करत बसायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं. गुगल फ्लू ट्रेंड्स आठवतंय का कुणाला? लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ आधीच सांगणार होते, २००८ मध्ये वाजतगाजत सुरू केलं, दुसऱ्या वर्षी नेचरमध्ये पेपर, आणि ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे आकडा फुगवून सांगत बसले. २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. असले निष्कर्ष काय कामाचे?

चिवट मुंगी
उगाचच, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय हो. ते १०८ पैकी १०० कुणी मोजलं? लेझर आणि इतर तिघांनी, बाहेर बसून, २०१४ मध्ये सायन्समध्ये. त्यांनी कारणही सुचवलं होतं, की गुगल स्वतः शोधाची पद्धत सारखी बदलत होतं, तुम्ही दोन अक्षरं टंकली की पुढचे शब्द तेच सुचवणार, मग लोक तेच शोधणार, आणि मग म्हणायचं बघा लोकांना फ्लू झालाय. मोजपट्टीच रबराची होती.

कोरी पाटी, हे तुला आत्ता लागू आहे. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यू मोजायची रीतच बदलली, आता व्हिडिओ सुरू झाला किंवा परत लागला की एक व्ह्यू. आधी काही वेळ बघणं लागायचं. आता तू जर २०२४ आणि २०२५ च्या व्ह्यूंचा आलेख एका रेषेत काढलास तर मार्चअखेरीस उडी दिसेल आणि त्यावर कुणी तरी "खोट्या व्हिडिओंची लाट" असा मथळा देईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लपवला तेव्हाही तेच, ज्यांचं काम त्या आकड्यावर होतं ते एका रात्रीत बसले. असल्या बदलांची तारीखवार वही ठेव, खरंच सांगतो, परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतील.

दिवाभीत
"कंपनीची माणसं दुपारीत उत्तर काढतील" यावर दोन शब्द. काढतील हो, पण ते उत्तर आपल्याला दाखवतील का, आणि दाखवलं तर त्यात काय वगळलंय ते आपल्याला कळणार कसं.

२०१८ मध्ये सोशल सायन्स वन म्हणून मोठा उपक्रम झाला, फेसबुक विद्यापीठांना विदा देणार, गोपनीयता राखून, सगळं रीतसर. २०२१ मध्ये उघडकीला आलं की दिलेल्या विद्यातून अमेरिकेतले सुमारे निम्मे वापरकर्ते गळलेलेच होते, ज्यांचा राजकीय कल ओळखता येत नव्हता ते सगळे. पकडलं कुणी, तर इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातल्या एका संशोधकाने, फेसबुकच्याच दुसऱ्या एका अहवालाशी आकडे ताडून. तोवर लोकांनी त्या विद्यावर पेपर लिहिलेसुद्धा.

मग २०२० च्या अमेरिकन निवडणुकीवरचं काम. जुलै २०२३ मध्ये सायन्स आणि नेचरमध्ये चार पेपर एकदम आले, मेटाने आतून सहकार्य केलेलं, निष्कर्ष साधारण असा की अल्गोरिदमची फीड काढून तारखेप्रमाणे फीड दिली तरी लोकांच्या राजकीय मतांत फारसा फरक पडत नाही. एका वर्षाने दुसऱ्या गटाने सायन्समध्येच दाखवलं की त्याच काळात कंपनीने अविश्वसनीय बातम्या दाबण्यासाठी फीडमध्ये तात्पुरते बदल केले होते. म्हणजे ज्या फीडशी तुलना केली ती नेहमीची नव्हतीच. आता निष्कर्ष चुकीचा म्हणायचा की बरोबर? कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि याचंच दुखणं आहे. नळाची चावी ज्याच्या हातात, पाण्याची तपासणीही त्यानेच करायची.

मिरची पावडर
वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

फ्रेमबाई
शेवटच्या प्रश्नाला मी हात घालते, माझं रोजचं काम तेच आहे.

पहिलं म्हणजे मेटाडेटावर काडीचा भरवसा ठेवू नकोस. फोनने फोटोत लिहिलेली तारीख, जागा, कॅमेरा हे बहुतेक मोठ्या साइट अपलोड होताना पुसून टाकतात, आणि व्हिडिओ तर नव्याने दाबून लहान करतात. त्यामुळे फाइलचा साधा एमडी५ हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला आकड्यांचा ठसा, घेतलास तर एकच व्हिडिओ दोन ठिकाणांहून उतरवल्यावर दोन वेगळे निघतील. तुला लागणार परसेप्च्युअल हॅश, म्हणजे फाइलचा नाही तर दिसणाऱ्या चित्राचा ठसा. फोटोचं मूळ तत्त्व सोपं आहे, चित्र आधी लहान करायचं, रंग काढून करडं करायचं, त्यावर डीसीटी (चित्रातले मोठे आकार आणि बारीक तपशील वेगळे करणारं गणित) लावायचा आणि बारीक तपशील टाकून देऊन मोठ्या आकारांची ठेवण तेवढी ठेवायची. फेसबुकने २०१९ मध्ये पीडीक्यू नावाचा असाच हॅश खुला केला, त्यात ६४ बाय ६४ चं चित्र होतं आणि शेवटी २५६ बिट हातात येतात. दोन चित्रांमधले किती बिट वेगळे ते मोजायचं, ३१ पर्यंत वेगळे असले तरी साधारण एकच चित्र धरतात. व्हिडिओला सेकंदाला एक फ्रेम काढून तेच करायचं, म्हणजे प्रत्येक व्हिडिओची एक हॅशची माळ तयार होते आणि माळेचा तुकडा दुसऱ्या माळेत सापडतो का ते शोधायचं.

आता फसतं कुठे ते सांगते, कारण पेपरात हे एका ओळीत उरकतात. आरशासारखं उलटं केलेलं चित्र पीडीक्यू ओळखत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा उलटा हॅशही काढून ठेव. फिरवणारे लोक हे जाणूनबुजून करतात किंवा ॲपच करून देतं. मग आडवा व्हिडिओ उभ्या चौकटीत बसवताना वरखाली काळे किंवा धूसर पट्टे येतात, ते आधी कापले नाहीत तर हॅश पट्ट्यांचाच येतो. खाली बातमीची पट्टी, कोपऱ्यात लोगो, मधे भला मोठा लाल बाण. एवढं चालतं साधारण. पण अर्धी फ्रेम कापली की खलास.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे काळ्या फ्रेम. हजारो व्हिडिओ काळ्यापासून सुरू होतात आणि काळ्यावर संपतात. जुळणी चालवलीस की पहिला, सगळ्यात भरगच्च गट दिसेल आणि आनंदाने उघडशील तर आत नुसता अंधार. त्याच्या खालोखाल पांढऱ्यावर काळी अक्षरं असलेले सगळे मीम एका गटात, कारण हॅशला अक्षरं दिसतच नाहीत, त्याला नुसतं पांढरं दिसतं. पीडीक्यू प्रत्येक हॅशबरोबर दर्जाचा आकडा देतो, ० ते १००, तो ५० च्या खाली असेल तर ती फ्रेम सरळ टाकून द्यायची. हे न करता "आम्हाला एवढे मोठे समन्वित गट सापडले" म्हणणारे पेपर मी तपासायला घेतलेत, नावं सांगत नाही.

जाता जाता, आवाजावर फार विसंबू नकोस, जुना व्हिडिओ नव्याने फिरवताना सगळ्यात आधी आवाज बदलतात, वर गाणं चढवतात नाहीतर कॉमेंटरी. आणि बोलणं मजकुरात उतरवायला व्हिस्पर वापरणार असशील तर शांत जागांवर लक्ष ठेव, जिथे कुणी बोलतच नाही तिथे ते कधीकधी मनाने वाक्यं घालतं.

गवताची गंजी
फ्रेमबाईंचा प्रतिसाद स्वतंत्र धागा होण्यासारखा आहे. एक शंका. त्या व्हिडिओंखालचा मजकूर, कॉमेंटी वगैरे भाषेप्रमाणे वेगळ्या करायच्या असतील तर भाषा ओळखणारी तयार साधनं चालतात का?

फ्रेमबाई
लांब, नीटनेटक्या मजकुरावर चालतात. तीन शब्दांची कॉमेंट, त्यात दोन इमोजी, एक शब्द रोमनमध्ये, तिथे मराठीचं हिंदी होतं, नाहीतर नेपाळी, लिपी एकच ना. जगभरातल्या वेबवरून गोळा केलेल्या बहुभाषक विद्यांची २०२२ मध्ये मोठी तपासणी झाली होती, २०५ भाषावार संच त्या त्या भाषा जाणणाऱ्यांनी हाताने बघितले, तर किमान १५ संचांत वापरता येईल असं एकही वाक्य नव्हतं. लेबल भाषेचं, आत कचरा. त्यामुळे शेदोनशे ओळी डोळ्यांनी वाचल्याशिवाय कुठल्याही संचावर विश्वास नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही.

आजीचा चष्मा
एथिक्सचा प्रश्न सगळे टाळून पुढे गेले म्हणून लिहिते.

"सार्वजनिक आहे म्हणजे परवानगी नको" हे कमिटी का म्हणते ते समजून घे. त्यांचे नियम मुळात औषध देणं, मुलाखत घेणं, माणसाला समोर बसवणं यासाठी केलेले. पोस्ट वाचणं त्यात बसत नाही, म्हणून ते हात झटकतात. फेसबुकचा तो भावनांचा प्रयोग, जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, २०१४ मध्ये छापून आला तेव्हा गदारोळ झाला. त्यातही विद्यापीठाच्या समितीने हेच म्हटलं होतं, प्रयोग कंपनीने केलाय, आमच्या कक्षेत येत नाही. नियतकालिकाला महिन्याभरात संमतीबद्दल चिंता व्यक्त करणारं टिपण छापावं लागलं. गंमत म्हणजे सापडलेला परिणाम इतका चिमुकला होता की नाव ठेवण्याजोगाही नव्हता.

आणि नाव काढून टाकलं की झालं, हा दुसरा भ्रम. २००६ मध्ये एओएलने साडेसहा लाख लोकांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी म्हणून जाहीर केले, नावांच्या जागी आकडे टाकून. पत्रकारांनी काही दिवसांत त्यातली एक बाई घरी जाऊन गाठली, नुसत्या तिच्या शोधांवरून. २००८ मध्ये एका "अनामिक" कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलचा विदा प्रसिद्ध झाला, लोकांनी सोबतचं माहितीपत्रक वाचून ते हार्वर्ड आहे हे ओळखलं. २०१६ मध्ये ओकेक्युपिडवरच्या सुमारे ७०,००० माणसांची माहिती, लैंगिक आवडीनिवडींसकट, उचलून सरळ जाहीर केली गेली, आणि त्यावर बचाव काय तर हे आधीच सार्वजनिक होतं. डेटिंग साइटवर लिहिणारी बाई ते कुणासाठी लिहिते हे कळायला एथिक्सचा कोर्स लागतो का?

तुझ्या कामापुरतं सांगते. प्रबंधात कुणाची कॉमेंट जशीच्या तशी उद्धृत करू नकोस, अवतरणातलं वाक्य शोधात टाकलं की माणूस समोर येतो. अर्थ ठेवून शब्द बदल. दुसरं, व्हिडिओत दिसणाऱ्या माणसांनी तो टाकलेलाच नसतो. पुरात गच्चीवर अडकलेली बाई, मार खाणारा मुलगा, त्यांना कुणी विचारलंय? टाकणाऱ्याची संमती ही दिसणाऱ्याची संमती नव्हे. फोटो छापायचाच असेल तर चेहरे झाक, आणि खरं तर छापूच नकोस, फ्रेमचं रेखाटन करून दाखव.

उगाचच
हे मात्र अति होतंय. टीव्हीवर तेच व्हिडिओ चोवीस तास चालतात, आणि एका पीएचडीच्या मुलीने चेहरे झाकायचे?

आजीचा चष्मा
हो. टीव्हीवाले काय करतात हा आपला निकष कधीपासून झाला? आणि संशोधक काय करू शकतात ते एप्रिल २०२५ मध्ये बघितलं ना आपण. झुरिक विद्यापीठातल्या लोकांनी रेडिटवरच्या चेंजमायव्ह्यू गटात एआयकडून लिहून घेतलेल्या हजारावर कॉमेंटी महिनोन् महिने टाकल्या, कुणालाही न सांगता, त्यातल्या काहींत तर एआय स्वतःला अत्याचारपीडित म्हणवत होतं. त्या गटात लोक मत बदलायला प्रामाणिकपणे येतात. पेपर छापायचा नाही असं शेवटी ठरलं, पण तिथल्या लोकांना जे वाटायचं ते वाटलंच.

आडवाट
स्क्रेपिंगबद्दल थोडक्यात. रोबोट्स.टीएक्सटी, म्हणजे कुठली पानं प्रोग्रॅमने उचलू नयेत ते सांगणारी साइटवरची फाइल, ही १९९४ पासूनची रीत आहे, २०२२ मध्ये तिचं अधिकृत मानक झालं, पण ती विनंती आहे, कुलूप नाही. अमेरिकेत हायक्यू (लिंक्डइनवरची प्रोफाइल स्क्रेप करणारी कंपनी) विरुद्ध लिंक्डइन खटल्यात २०२२ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की सार्वजनिक पानं स्क्रेप करणं हा हॅकिंगच्या कायद्याचा भंग बहुधा ठरणार नाही, आणि सगळे नाचले. पुढचं कुणी वाचलंच नाही, त्याच वर्षी खालच्या कोर्टाने हायक्यूने वापराच्या अटी मोडल्या असं म्हटलं आणि प्रकरण तडजोडीने मिटलं, हायक्यूवर पाच लाख डॉलरचा निकाल घेऊन. म्हणजे गुन्हा नसला तरी करारभंग असू शकतो. विद्यापीठाचा विधी विभाग असेल तर त्यांच्याकडून लेखी घे. तोंडी "चालतंय" म्हणणारा माणूस पुढे दिसत नाही.

युरोपात मात्र खरोखर काही तरी हललंय. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम ४० खाली संशोधकांना मोठ्या प्लॅटफॉर्मकडून विदा मागण्याचा हक्क आहे, महिन्याला साडेचार कोटी युरोपीय वापरकर्ते असलेल्यांकडून, आणि आतला विदा मागायची प्रक्रिया २९ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली. अट अशी की संशोधन युरोपीय युनियनमधल्या व्यापक धोक्यांशी जोडलेलं हवं. तुझा विषय त्यात बसवता येईल, पण तिथला जोडीदार गट शोधावा लागेल आणि अर्ज, छाननी यात वेळ जाणार हे धरून चाल.

कोरी पाटी
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्स. आजीचा चष्मा, कमिटीला मी आता स्वतःहून लेखी देणार आहे, दिसणाऱ्या माणसांचं काय करणार तेही त्यात.

मला वाटतंय सुरुवात फॅक्टचेकवाल्यांच्या यादीपासून करावी. त्यांनी खोटे ठरवलेले व्हिडिओ घ्यायचे, फ्रेमबाईंच्या पद्धतीने हॅश काढायचे, आणि मग ते मागे मागे शोधत जायचे. लेबलही आयतं मिळतं. चालेल ना?

चिवट मुंगी
चालेल, पण त्यातली मेख समजून घे. २०१८ चा तो सायन्समधला प्रसिद्ध पेपर, वोसूगी, रॉय आणि अराल यांचा, ज्यातलं "खरी बातमी १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ घेते" हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं. २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० साखळ्या, म्हणजे एका ट्वीटपासून पुढे पुढे शेअर होत गेलेल्या माळा, त्यांनी तपासल्या, पण कुठल्या? सहा फॅक्टचेक संस्थांनी तपासलेल्या अफवांच्या. संस्था तेच तपासते जे आधीच गाजलंय किंवा संशयास्पद आहे. सकाळी बस वेळेवर आली ही खरी बातमी कुणी तपासत नाही. म्हणजे तुलना सगळ्या खऱ्या बातम्यांशी नव्हती, वादात सापडून खऱ्या ठरलेल्यांशी होती. लेखकांना हे माहीत होतं आणि त्यांनी त्यावर वेगळी पडताळणीही केली, पण भाषणं ठोकणाऱ्यांना त्याचं काय. पुढे २०२१ मध्ये यूल आणि उगांडर यांनी तोच विदा परत घेऊन सारख्याच आकाराच्या साखळ्या एकमेकींशी ताडल्या, तर खोलीत आणि रुंदीत दिसणारा फरक जवळपास उरलाच नाही. खोट्या साखळ्या मोठ्या होतात एवढं खरं, बाकीचं त्या मोठेपणातूनच येत होतं. आणि बघ, हे करता आलं कारण मूळ लेखकांनी विदा इतरांना दिला होता.

तुझ्याबाबतीत, फॅक्टचेकच्या यादीत फक्त पकडले गेलेले व्हिडिओ असणार. जे परत फिरले आणि कुणाच्या नजरेत आले नाहीत ते नसणार. त्यामुळे "जुने व्हिडिओ सरासरी इतक्या काळाने परत येतात" असं वाक्य तुला लिहिता येणार नाही. "पकडले गेलेले व्हिडिओ पकडले जाण्याआधी कुठे कुठे होते" हे लिहिता येईल, आणि माझ्या मते तोच जास्त चांगला प्रश्न आहे.

आडवाट
+१. आणि मागे शोधत जायला टेलिग्रामचे सार्वजनिक चॅनेल बघ. तिथे फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ चॅनेलची खूण राहते, लपवली नसेल तर, त्यामुळे वाट खरोखर दिसते. यूट्यूबचा एपीआय आहे, पण रोजचा ठरीव कोटा १०,००० युनिट आणि एका शोधाला १०० युनिट, म्हणजे दिवसाला शंभर शोध. शिवाय शोध तुला यूट्यूबच्या मर्जीचे निकाल देतो, यूट्यूबवर काय आहे ते नाही. मॅकग्रेडी, झुकरमन वगैरेंनी २०२३ मध्ये म्हणून असल्या निकालांवर विसंबलेच नाहीत, अकरा अक्षरी व्हिडिओ क्रमांक अंदाधुंद बनवून बघत राहिले आणि १०,०१६ व्हिडिओंचा खरा यादृच्छिक नमुना काढला. त्यात दिसलं की बहुतेक व्हिडिओ कुणी फारसे बघितलेलेच नसतात. आपण जे यूट्यूब समजतो तो वरचा तवंग आहे.

गवताची गंजी
व्हॉट्सॲपचं काय पण? जुने व्हिडिओ खरे फिरतात तिकडेच ना.

दिवाभीत
फिरतात, आणि तिथे बाहेरून दिसत नाही. गरिमेला आणि टायसन यांनी २०१८ मध्ये दुवे जाहीर असलेल्या १७८ गटांत शिरून विदा जमवला होता, पण जाहीर गट म्हणजे काकामामांचा गट नव्हे. आता विदादान हा मार्ग लोक धरतायत, माणूस स्वतःच्या खात्याची माहिती उतरवून घेतो, नको ते काढतो आणि उरलेलं संशोधकाला देतो. संमती स्वच्छ असते. पण देणारे थोडे, आणि जे देतात ते मुळातच सावध लोक. शिवाय गटातल्या बाकीच्यांनी कुठे हो म्हटलंय? म्हणून फक्त व्हिडिओचा हॅश आणि तारीख फोनवरच काढून तेवढंच घ्यायचं, संदेश घ्यायचाच नाही, असं करता येतं. पहिल्या वर्षात याच्या नादी लागू नकोस मात्र.

कोरी पाटी
नाही लागत. टेलिग्राम आणि यूट्यूब, सुरुवात पकडले गेलेल्या व्हिडिओंपासून, प्रश्न चिवट मुंगीनी सांगितला तो. शेवटचं विचारते, गोळा करताना व्हिडिओ डिलीट होत राहतात, त्यांचं काय? विद्यातून काढायचे की ठेवायचे?

फ्रेमबाई
यावर भांडणं आहेत. प्यू रिसर्चने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, आणि ट्वीट तर जवळपास पाचातलं एक काही महिन्यांतच दिसेनासं होतं. त्यामुळे नुसते दुवे साठवलेस तर प्रबंध जमा करेपर्यंत भगदाड पडलेलं असणार. लायन नावाच्या संस्थेचा, एआयला शिकवायला वापरला जाणारा तो ५.८५ अब्ज चित्रांचा संच दुव्यांचाच होता, जो उतरवेल त्याच्याकडे वेगळा निघायचा. डिसेंबर २०२३ मध्ये त्यात मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडल्यावर संच मागे घेतला, पण तोवर कुणाकुणाच्या डिस्कवर तो गेला होता ते कोण सांगणार.

मी असं करते. व्हिडिओ उतरला की लगेच हॅशची माळ, लांबी, अपलोडची तारीख, चॅनेलचा सांकेतिक क्रमांक, उतरवल्याची वेळ हे एका तक्त्यात. मूळ फाइल कुलपातल्या डिस्कवर, ठरलेल्या मुदतीपर्यंतच. मग दर महिन्याला दुवा परत तपासायचा आणि गेला असेल तर तक्त्यात "गेला" आणि तारीख, शक्य असेल तर कारणही, कारण टाकणाऱ्याने काढला, साइटने काढला आणि अख्खं खातंच उडालं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, साइट बहुतेकदा वेगवेगळा संदेश दाखवते. टाकणाऱ्याने स्वतः काढला असेल तर फाइल मी पुसते, हॅश ठेवते. हॅशवरून चित्र परत बनवणं सोपं नाही, पण तेवढ्यावरून जुळणी चालू राहते. साइटने काढले असतील तर मात्र ठेवते, तोच तर तुझा विषय आहे.

कोरी पाटी
म्हणजे गेल्याची तारीख हासुद्धा विदाच झाला.

फ्रेमबाई
अर्थात. आणि फाइलला नाव व्हिडिओच्या शीर्षकाचं देऊ नकोस, शीर्षकं लोक बदलत राहतात आणि त्यात इमोजी असतात, स्क्रिप्ट मधेच गळपटते. साइटचं नाव, व्हिडिओ क्रमांक, उतरवल्याची तारीख, बास. शीर्षक तक्त्यात, दर तपासणीला नवीन ओळ, जुनी खोडायची नाही. पहिल्या शंभर फाइलची जुळणी झाली की इथेच टाक, गट बघून सांगते.